तिरक्या उडीचा बेडूक

पाचवी घडी उलटी घातल्यामुळे चिनूचा कागदी बेडूक सरळ न उडता तिरका उडायचा. मृदुलाला लेकीची ही चूक इतकी आवडली, की कोन मोजून तिने ती आपल्या खेळण्यांच्या वहीत कोऱ्या ठेवलेल्या पहिल्या पानावर उतरवली. वहीचं पुस्तक करायचं होतं. आजवर ती फक्त शलाकाने, शाळेपासूनच्या मैत्रिणीने, घरी नेऊन वाचली होती.

आज शलाका स्वतःचं नुकतंच छापून आलेलं पुस्तक घेऊन आली, चिनूला भेट म्हणून. चित्रं बघत चिनू घड्या घालू लागली आणि पाचव्या घडीला थबकली.

“मावशी, तुझंपण इथे माझ्यासारखंच चुकतं?”

“चुकलं नाही गं, ही माझी स्वतःची युक्ती आहे.”

शलाकापुढे चहाचा कप ठेवताना मृदुलाने ते पान पाहिलं. कोनसुद्धा तोच होता, सतरा अंश.

“तू सात वर्षं नुसती वहीच भरत होतीस,” शलाका नजर चुकवत म्हणाली. “कोणीतरी छापायला हवंच होतं ना?”

मृदुलाने तो भरलेला कप परत उचलला. “चिनू, मावशी निघाल्यात. त्यांना दारापर्यंत सोडून ये.”