मासांबाची मर्जी

“हात पुढे कर, गुलामा. मालकाचा हुकूम आहे,” सुई भरत बिराम न्जाय म्हणाला.

“गुलाम तू आणि तुझा आजा,” मासांबा जोपने बाही वर केली. “भाताचं ताट दिसलं की न्जायांना सख्खी आईसुद्धा ओळखू येत नाही.”

दवाखान्याच्या ओट्यावरची माणसं खदखदून हसली. जोप आणि न्जाय या दोन कुळांनी एकमेकांना गुलाम म्हणायचं आणि कोणी रागवायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. भुईमुगाच्या पेरणीआधी हिवतापाच्या नव्या लशीची चाचणी चालली होती. चिंपांझीच्या सर्दीचा विषाणू निरुपद्रवी करून त्याच्यावर हिवतापाच्या जंतूची ओळख लादलेली, म्हणजे खरा जंतू आला की शरीर त्याला ओळखून परतवेल. निम्म्यांना ती, निम्म्यांना तुलनेसाठी कुत्रं चावल्यावर देतात ती. कोणाला कोणती, हे टोचणाऱ्या बिरामलाही ठाऊक नव्हतं.

“माकडाची मिळाली तर घरचीच,” तो म्हणाला. “कुत्र्याची मिळाली तर याचं भुंकणं तरी थांबेल.”

कॅमेरूनहून आलेल्या तपासनीस एसोंबा बाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांचंही चुकलं नाही म्हणा. चाचणीतली लस ज्याने त्याने स्वखुशीनेच घ्यायची, हे पाहणं त्यांचं काम. त्यांनी मासांबाला विचारलं, “तुम्ही स्वतःच्या मर्जीने आलात ना?”

भर घोळक्यात, न्जायाच्या देखत, साधं ‘हो’ म्हणेल तो जोप कसला? “मर्जी कसली, मॅडम? यानेच मानगूट धरून आणलं.”

बाईंनी बिरामला सुई खाली ठेवायला लावली. मासांबाचं नाव चाचणीतून काढा म्हणाल्या.

मासांबाचं तोंड एवढंसं झालं. “मॅडम, थट्टा आहे हो ती,” बिराम काकुळतीला आला. बाईंनी त्याला गप्प केलं आणि मासांबाला लांब कडुलिंबाखाली नेलं.

“आता इथे कोणी नाही. खरं सांगा.”

मासांबा बाजारात शिकलेल्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलू लागला. “गेल्या पावसात ऐन खुरपणीला तापाने आडवा झालो. वर्षाचं पीक गवतात जाणार म्हणून अंथरुणात रडलो. उठलो तर शेत लख्ख. बायकोने पाहिलं होतं. हा न्जाय रोज दवाखाना उघडायच्या आधी येऊन खुरपून जायचा. त्याबद्दल मला अजून अवाक्षर बोललेला नाही.” त्याने डोळे पुसले. “यंदा माझं शेत मला खुरपायचंय. कुठली लस मिळेल ती मिळो. मी माझ्या पायांनी आलोय.”

“मग हे तिथे का नाही सांगितलंत?”

“त्याच्यासमोर? मला गाव सोडावं लागेल, मॅडम.”

आता बाईही हसल्या. “बरं, घ्या लस. पण बिरामकडून नको. मी दुसऱ्या कोणाला तरी टोचायला सांगते.”

“छे, छे,” मासांबा ओट्याकडे निघालासुद्धा. “त्यालाच टोचू द्या. परक्या माणसाने दुखवलं, तर मी वर्षभर शिव्या कोणाला घालू?”