पांढरीचा ढीग

आज शनिवार. उन्हं कलली की परतीची बैलगाडी सुटणार होती. रविवारची प्रार्थना चुकवायची नाही, असा मिशनचा नेम. आणि शहादेवच्या मायचं घर अजून उघडंच होतं.

रोगाच्या साथीत सगळं गाव रानात जाऊन राहिलं, तेव्हा तहसिलीची माणसं आली आणि घरोघरच्या मातीच्या छपराला, धाब्याला, भोकं पाडून गेली. आत ऊन पडावं, रोग मरावा म्हणून. रोग गेला, माणसं परतली, भोकं तशीच राहिली. ती बुजवायला मिशनच्या मंडळीतली, शहादेवसकट चार जवान पोरं नेकनूरकडून पायी आली होती. पाच दिवसांत अकरा घरं झाली. बारावं तुळजाबाई पाटलिणीचं, तेरावं दगडाबाईचं. दगडाबाई म्हणजे शहादेवची माय. येशीबाहेर तिचं एका खणाचं घर. निघतानाच मिशनच्या गहिनीनाथ मास्तरांनी बजावलं होतं, "आपल्या घराला शेवटी हात लावायचा. आदी दुसऱ्याचं." तेव्हा सगळ्यांत आधी शहादेवनंच मान डोलावली होती.

आता तो तुळजाबाईच्या धाब्यावर उभा राहून घडीघडी सावली बघत होता.

सकाळचा अर्धा वेळ तर देवानंच खाल्ला. तुळजाबाईच्या घरात दोन माणसं रोगानं गेलेली. तिचे भाऊबंद उंबऱ्यात पाय ठेवीनात, म्हणून तिनं ह्या पोरांना वर चढू दिलं. पण आधी देव बाहेर काढीन म्हणाली. "तुमचे पाय माझ्या देवाच्या डोस्क्यावर नकोत, बाबा." मग देवांचा एकेक चांदीचा टाक पुसून तिनं सुपात मांडला आणि सूप घेऊन लिंबाखाली बसली.

"देवाची मजा हाय बे," याकोब हळूच म्हणाला. "सावलीत बसला. आपण उन्हात."

शहादेव हसला नाही. भोकावर काटक्यांची किलचन बसली होती, वर तरवडाचा पाला झाला होता. राहिली माती. धाब्याला पांढरीच लागते. काळी पाण्यानं फुगते, उन्हानं चिरते, आणि एकदा चिरली की खाली धार लागते. पण पांढरी नदीपल्याड. जाऊन-येऊन दोन खेपांत दिवस संपला असता. काळी घरामागच्या बांधाला हात लांब करून मिळत होती.

"काळी चालती का बे?" याकोबानं विचारलं. तो कौलारू घरात वाढलेला. बाकीचे दोघंही तसेच. चौघांत धाब्याचं कळत होतं ते एका शहादेवला.

"चालती," तो म्हणाला.

पाट्या भराभर वर आल्या. पाणी शिंपडलं, माती ठोकायची धुम्मस घुमू लागली. खालून तुळजाबाईनं मान वर केली. तिला उन्हात धड दिसत नव्हतं.

"पांढरीच हाय न्हवं रे?"

धुम्मस थांबली. याकोब शहादेवकडं बघायला लागला.

"हाव, पाटलीणबाई."

"मी कावून इचारते म्हना. दगडीचा तू. वर्साला तुझी माय हे धाबं करायची, कवा थेंब गळला न्हाई." असं म्हणून ती सुपातल्या देवांवरची माशी हाकलत बसली.

शहादेवनं धुम्मस अशी आपटली की घरातलं भांडं वाजलं.

काम उरकलं तेव्हा लिंबाची सावली बुडापासून जराशीच सरकली होती. दीड-दोन तास हातात होते. तो शिडीवरून जवळजवळ उडी मारून उतरला आणि पोरांना "या मागनं" म्हणत येशीबाहेर पळाला. मायनं पंधरा दिवस डोक्यावर वाहून दारात पांढरीचा ढीग घातला होता. पाला कापून ठेवला होता. नुसतं चढायचं आणि ठोकायचं.

दगडाबाई उंबऱ्यात बसली होती. आत भोकातून आलेला उन्हाचा चट्टा भिंतीवर चढला होता.

"ऊठ, माय. शिडी दे. येळ न्हाई."

ती उठली नाही. ती त्याच्या पायांकडं बघत होती. गुडघ्यापर्यंत काळा चिखल वाळून त्याला चिरा पडल्या होत्या.

"पाटलिणीचं झालं?"

"झालं."

"पांढरीनं पाय असे व्हत न्हाईत."

मागून पोरं आली, ती मायलेकांकडं बघत ढिगापाशीच थांबली.

"तिला ठावं हाय?"

"न्हाई." मग तो एकदम बोलत सुटला. "तुज्यासाठी केलं. गाडी सुटंल. पुन्ना कवा येनं व्हतं? तू उघड्यात ऱ्हाशील. तिनं तुला कवा घरात तरी घेतलं का?"

"न्हाई घेतलं." दगडाबाई उठली. कुदळ उचलून तिनं ढिगाची कड पाडली आणि रिकामी पाटी पुढं ओढली. "घरात न्हाई घेतलं. धाब्यावर घेतलं. ते माजं हाय."

ढिगातली माती ती पाटीत ओढू लागली. पाटी शिगोशीग भरली तेव्हा डोक्यावर चुंबळ ठेवून ती त्याच्यापुढं उभी राहिली.

"डोईवर दे."

तिकडं न्यायला आलेल्या मास्तरांच्या बैलांची घुंगरं वाजली. शहादेवनं पाटी उचलली. मायच्या डोक्यापर्यंत नेली, आणि आपल्याच डोक्यावर घेतली. खांद्यावरून माती सांडली.

"आन तुजं भोक?" त्यानं विचारलं.

दगडाबाईनं मागं वळून भिंतीवरचा उन्हाचा चट्टा बघितला.

"ऱ्हाऊ दे. येळ कळते." आणि दुसरी पाटी भरायला वाकली.