हा विषय का निवडलात?

“हा विषय का निवडलात?” आईने मटार सोलता सोलता विचारलं.

“सोपा वाटला म्हणून.”

“नापास.” आईने एक दाणा मुलीच्या अंगावर फेकला. “परीक्षकांसमोर असं बोललं तर हाकलून देतील.”

मुलगी ऑफिसातून आली की रोज हाच सराव चाले. आई परीक्षक व्हायची आणि तिला उमेदवाराच्या खुर्चीत बसवायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं वर्षानुवर्षं करणाऱ्यांना, ते माणूस गेल्यावर आतून काय वाटतं, हा प्रबंधाचा विषय. आजीचं सगळं आईनेच केलेलं, त्यामुळे तिचे प्रश्न नेमके लागायचे.

“मुलाखती फारच थोड्या आहेत, मॅडम.”

“थोड्या आहेत, पण एकेकीला पुन्हा पुन्हा भेटून घेतलेल्या. पहिल्या भेटीत खरं कुणी बोलत नाही.”

“हं. पास. आता परत पहिला प्रश्न.”

“आई, त्याचं उत्तर तू दे ना.”

“मला देता आलं असतं, तर तुला कशाला विचारलं असतं?” आई हसली आणि सालं उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही. झोपेतच गेली.

पुढच्या महिन्यात मार्गदर्शक बाई घरी आल्या. “विद्यापीठाने परवानगी दिली आहे, अपवाद म्हणून. पण झेपेल का तुला?”

“झेपेल. नाहीतर एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात जाईल.”

मौखिक परीक्षेच्या खोलीत लांब टेबल होतं. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, “मुलाखती फारच थोड्या वाटतात.”

तिला हसू आवरेना. मग उत्तरं आपोआप येत गेली. तिसऱ्या प्रकरणावर जरा अडखळली, पण सावरली.

शेवटी अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. “आमचं समाधान झालं. पदवीची शिफारस करतो आहोत.”

मार्गदर्शक बाईंनी डोळे टिपले. तिचे ताठलेले खांदे एकदाचे खाली आले. सुटले, असं वाटलं.

“एक राहिलंच,” बाहेरचे परीक्षक उठता उठता म्हणाले. “सहज विचारतो. हा विषय का?”

सोपा वाटला म्हणून, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

“आजी गेली त्या दिवशी आईने खोलीच्या खिडक्या उघडल्या आणि तिथेच खाली बसून मोठा श्वास सोडला. मी दारात होते. मी पाहिलं, हे तिने पाहिलं. त्या एका श्वासाची तिला कायम लाज वाटत राहिली. म्हणून या वयात ती पुन्हा शिकायला बसली, आणि हा प्रबंध लिहिला.” तिने समोरच्या जाड प्रतीवरच्या आईच्या नावावर हात ठेवला. “आई, तुझं काही चुकलं नव्हतं.”