उजव्या डोळ्याचं पाणी

मेल्यावर डोळ्यातल्या पाण्यात पोटॅशियम चढत जातं, उतरत कधीच नाही. किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या डॉल्फिनांच्या डोळ्यांतलं पाणी मी वीस वर्षं सुईने काढून, त्यावरून मरणाची वेळ ठरवतेय. मला कुणी शिकवू नये.

आजच्या मादीच्या डाव्या डोळ्याने सांगितलं, मरून दोन दिवस झाले. उजव्याचा आकडाही सकाळी तेवढाच होता. दुपारी तो निम्म्यावर आला. चार वाजता काढलेलं पाणी जिवंत जनावराचं होतं.

"मशीन बिघडलंय," साहेब म्हणाले. "अहवालात डाव्याचा आकडा लिही आणि कर सही. मला डोकं उघडायचंय."

"मशीन बिघडलं असतं तर डावाही उतरला असता. मी सही करणार नाही."

"अगं, वास मारतोय तिचा!"

"मारू दे."

त्यांनी करवत उचलली. मी टेबलापुढे आडवी उभी राहिले. नोकरी गेली तर गेली.

साहेब करवत धरून जागीच थांबले. माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिले.

मी वळले. तीनदा उपसल्याने खोल गेलेला उजवा डोळा काठोकाठ भरला होता.

मी पेन उचललं. "घ्या. तिच्या डोळ्याला डोळा भिडवून तुम्हीच करा सही."

पेन साहेबांकडे वळलं, तसा तो डोळाही वळला.