राखणदार कुठे बसवायचा

"पण काका, तुम्हाला नक्की कुणाला अडवायचंय?" कॉम्प्युटरवालीने विचारलं.

कवळीवाल्यांना घाम फुटला. तिच्या दुकानात डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी फुटला. जन्मभर त्यांनी लोकांच्या कवळ्या बनवल्या. कुणाच्या हिरडीवर काय बसेल हे ते नुसत्या बोटाने चाचपून सांगत. ही चोरांना कॉम्प्युटरबाहेर अडवणाऱ्या फायरवॉलची भानगड मात्र त्यांच्या डोक्यातच बसत नव्हती.

"मला कुणाला अडवायचं नाही," ते म्हणाले. "बायकोला भीती वाटते."

हे खरंच होतं. शेजारणीच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी शिरलं होतं आणि तिच्या नातवंडांचे सगळे फोटो कुलूपबंद करून बसलं होतं. तेव्हापासून बायकोने फायरवॉलचा धोशा लावला होता. मोठ्या ऑपरेशननंतर तिचं बाहेर जाणं थांबलं आणि सगळा जीव त्या कॉम्प्युटरमध्ये गुंतला. त्यातही मुख्य म्हणजे संध्याकाळचा दादाबरोबरचा बुद्धिबळाचा डाव. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, समुद्रापलीकडे एकटा राहणारा. त्याचे कान पार गेले, तेव्हा फोनवर बोलणं संपलं. स्वतः इंजिनिअर असल्याने दोन कॉम्प्युटर थेट जोडणारा हा खेळ त्यानेच बसवून दिला होता. तेच भावाबहिणीचं बोलणं. ती बाहेरच्या खोलीत डाव मांडून बसली, की कवळीवाले आतल्या खोलीत जात, दार लोटून घेत आणि आपला लॅपटॉप उघडत.

कॉम्प्युटरवालीने त्यांना दोन प्रकार समजावून सांगितले. एक होती डबी. इंटरनेटची तार घरात येते तिथे ती बसायची. दारावरच्या राखणदारासारखी, रस्त्यावरून येणाऱ्याला हटकायची; पण एकदा माणूस घरातला म्हटलं, की तो कुठल्या खोलीत जातो, काय करतो, याच्याशी तिला देणंघेणं नाही. दुसरी फायरवॉल कॉम्प्युटरच्या आतच बसायची. येईल त्याला 'कोण तू, कुठून आलास' असं विचारायची आणि उत्तर पडद्यावर दाखवायची.

काकूंसाठी दुसरीच चांगली, असं तिचं मत पडलं.

"नको," कवळीवाले घाईने म्हणाले. मग आवाज खाली आला. "ती जे दाखवते, ते पुसता येतं का?"

कॉम्प्युटरवाल्या मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. असं विचारणारे नवरे तिला नवे नसावेत. पुसता येतं, ती कोरडेपणाने म्हणाली, पण त्यासाठी काकूंच्याच कॉम्प्युटरवर बसावं लागेल.

कवळीवाले हात हलवत घरी आले. डबीच उत्तम, असं त्यांनी बायकोला पटवून पाहिलं. शेजारणीकडे डबीच होती, बायको म्हणाली, मग चोर काय खिडकीतून आला? शब्दाला शब्द वाढला.

"तुम्हाला एवढं काय लपवायचंय?" शेवटी तिने विचारलं. हसतच विचारलं, पण ते उठून आतल्या खोलीत गेले.

सगळं सांगून मोकळं व्हावं, असं त्यांना कितीदा वाटे. पण हिला धक्का सोसायचा नाही, असं डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळी बजावलं होतं. आज नको, उद्या सांगू, असं करता करता पाणी डोक्यावरून गेलं. आता सांगायचं म्हणजे इतके दिवस तोंड शिवून का बसलात, याचंही उत्तर द्यावं लागणार. ते कुठून आणायचं?

त्यांनी दोन-तीन दिवस टोलवाटोलवी केली. मग बायकोनेच फोन करून कॉम्प्युटरवालीला घरी बोलावलं.

ती दुपारी आली. कवळीवाल्यांनी तिला दारातच गाठलं.

"पोरी, डबीच बसव. आतलं काही उघडू नकोस. हात जोडतो."

"काका, मी होऊन काही सांगणार नाही," ती म्हणाली. "पण काकूंनी विचारलं, तर खोटंही बोलणार नाही."

बायकोने तिच्यासाठी खुर्ची ओढून दिली आणि पहिल्यांदा एकच गोष्ट बजावली: काहीही बसव, पण माझा डाव बंद पडता कामा नये. मग आधी खेळच बघू, असं म्हणून मुलीने तो उघडला. कवळीवाल्यांना तिथे उभं राहवेना. पाणी आणतो म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. पेला भरून घेतला.

परत येताना ते दाराच्या पडद्याआड थबकले.

"काकू, तुमचे दादा परदेशात असतात ना?" मुलगी विचारत होती.

"हो. का गं?"

"नाही, कालच्या डावात समोरून खेळणाऱ्याचा पत्ता इथे दिसतोय. तो तर..." ती अडखळली. "तो याच घरातला आहे. काकांच्या लॅपटॉपचा."

कवळीवाल्यांनी डोळे मिटून घेतले. आता बायको किंचाळेल, छातीवर हात दाबेल, खाली कोसळेल. गेले कित्येक महिने त्यांना रोज याच क्षणाची धास्ती वाटत होती. डॉक्टरांचा नंबर कुठे लिहिलाय, तेही त्यांना आठवेना.

खुर्ची करकरली. बायको पुढे झुकली असावी. तिचा आवाज अगदी हळू होता.

"मग ती तारेवरची डबीच बसव, आणि यांना एका अक्षराने बोलू नकोस. दादा गेल्याचं मला हॉस्पिटलमध्येच कळलं होतं गं. पण हे आत्ता कुठे जरा बरे खेळायला लागलेत."