दोघींपुरतं उटणं

पेशवाईतली गोष्ट. शनिवार पेठेतल्या सरदारांची दुर्गाताई सासरी निघाली. आंदणात तांब्याचे हंडे दिले, दुभती गाय दिली, आणि घरात विकत घेतलेली कुणबीण होती सगुणा, तिची नऊ वर्षांची तुळशीही दिली. बाईसाहेब लेकीसाठी ढसाढसा रडल्या. सगुणा गाईचं दावं धरून उभी राहिली.

पहिल्या दिवाळसणाला ताई माहेरी आली. सगुणेनं उटणं दोघींपुरतं भिजवलं होतं. ताईच्या पाठीला ते चोळताना तिनं हळूच विचारलं, "तुळशीला नाही आणलंत?"

"तिला सासूबाईंनी नणंदेच्या आंदणात देऊन टाकली."

"कुठल्या गावी, ताईसाहेब?"

"अगं, विचारलंच नाही मी. जरा हळू चोळ ना, लागतंय."

सगुणेनं हात हलका केला.