अर्धा मिलिमीटर

पॅकेज तिसऱ्यांदा परत आलं. सोबत एकच ओळ होती: "लेबल अर्धा मिलिमीटर उजवीकडे सरकतंय. पट्टी लावून मोजलं."

तिने कपाळावर हात मारला. रविवारचे साडेअकरा वाजले होते, आंघोळ व्हायची होती, आणि जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात एक माणूस पट्टी घेऊन बसला होता.

तो कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. तपासनिसांच्या यादीत त्याने आपलं नावच 'पट्टी' असं लावलं होतं.

स्वयंसेवकांनी चालवलेल्या त्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पगार कोणालाच नव्हता, नियम मात्र कडक होते. पॅकेज बांधणाऱ्याने स्वतःच ते तपासलेलं चालत नसे. दुसऱ्या कोणीतरी खऱ्या यंत्रावर चालवून 'पास' म्हणायचं, मगच ते आत जायचं. तिचं पॅकेज म्हणजे एक लहानसा प्रोग्रॅम होता. रक्ताच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर चिकटवायची लेबलं तो एका जुनाट, खडखडणाऱ्या प्रिंटरवर छापायचा. तसला प्रिंटर जवळ असलेला तपासनीस एकच होता.

आज चार वाजता नव्या आवृत्तीचा दरवाजा बंद होणार होता. बाहेर राहिलं ते कायमचं वगळलं जाणार होतं.

फोन वाजला. धाकटी बहीण.

"ताई, निघालीस ना?"

"निघतेच आहे. एवढं एक काम..."

"पट्टीमास्तर?"

तिने खुर्ची संगणकाजवळ ओढली.

"साडेतीनला मला विमानतळावर न्यायला गाडी येणार आहे, ताई. तीन वर्षांसाठी चाललेय मी. भाजी आणायला नाही."

"येते गं. ती मोठी बॅग बंद करू नकोस. मी आले की बसते तिच्यावर."

"तेवढ्यासाठीच तर हवी आहेस," धाकटी म्हणाली, पण हसली नाही.

मापाच्या हिशेबात अपूर्णांक कुठे कापला जातोय ते तिने शोधलं, दुरुस्त केलं, पॅकेज पुन्हा बांधून पाठवलं. सव्वा वाजता उत्तर आलं: "आता पाव मिलिमीटर डावीकडे."

"पाव मिलिमीटर डोळ्यांना दिसतो तरी का?" तिने लिहिलं. मजकुराखाली नेहमीची ओळ आपोआप चिकटली: तंत्रज्ञ, रक्ततपासणी विभाग.

"दिसत नाही. पण बाटली गोल असते. बारकोड कडेला गेला की यंत्र वाचत नाही. मग कोणीतरी आकडे हाताने टाकतं, आणि एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जातं."

त्या माणसाची चीड यायची ती याचसाठी. त्याचं बरोबर असायचं.

दोन वाजता ती पाचवी खेप पाठवत होती, तेव्हा फोन पुन्हा वाजला.

"मला एक सांग," धाकटी म्हणाली, "तो प्रिंटर तुमच्या लॅबमधून भंगारात जाऊन किती वर्षं झाली?"

"पाच."

"मग हे चाललंय कोणासाठी?"

"त्याच्यासाठी. कोण काय वापरतं त्याच्या मोजणीत हे पॅकेज दोनच संगणकांवर दिसतं. एक माझा, दुसरा त्याचा. कुठल्या तरी आडगावच्या दवाखान्यात असणार बिचारा. मी हात वर केले तर ते लोक काय करतील?"

"असं तो म्हणाला?"

"आता काय विचारू त्याला? तुमचा दवाखाना गरीब आहे का, असं?"

"ताई, तुला इथे यायला चाळीस मिनिटं लागतात."

"घड्याळ आहे माझ्याकडे."

अडीचला तिने चपला घातल्या, किल्ली उचलली. संगणक किणकिणला.

"दहा लेबलं चोख. अकरावं सरकतंय. प्रिंटर दमला की तुमचा प्रोग्रॅम?"

थट्टासुद्धा करतो हा! ती चपला न काढताच खुर्चीत बसली. चूक प्रत्येक लेबलागणिक साठत होती. आता प्रत्येक लेबल पहिल्यापासून मोजायला हवं होतं. तिने ते सगळं नव्याने लिहिलं. पॅकेज गेलं तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. आता धावत सुटून उपयोग नव्हता.

साडेतीनला फोन आला.

"गाडी आली. ड्रायव्हर सामान ठेवतोय."

"अगं, मी..."

"शेजारच्या काकूंना बसवलं बॅगेवर. झाली बंद." मागे गाडीच्या डिकीचा धाडकन आवाज झाला. "पास झालं का तुझं?"

"अजून नाही."

"होईल गं," धाकटी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ती पडद्याकडे बघत राहिली. चारला दहा मिनिटं असताना उत्तर आलं.

"पास. शंभर छापली, शंभरही जागेवर."

खाली, आजवर कधी नव्हता तो दुसरा परिच्छेद होता.

"एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या रक्ततपासणी विभागाला कोणी नवा प्रिंटर घेऊन देत नाही का? मी निवृत्त माणूस, शाळेत भूमिती शिकवायचो. तुमचं पॅकेज तपासायला कोणीच मिळत नाही असं वाचलं, म्हणून सात वर्षांपूर्वी हा प्रिंटर भंगारवाल्याकडून आणला. आमच्याकडे त्याचा दुसरा काही उपयोग नाही. जेवणाचं टेबल तेवढं अडलंय. आज लेक-जावई आले होते, ताटं हातात घेऊन उभ्याने जेवले. बायको फार चिडली. मी तिला सांगितलं, असू दे, तिकडे पेशंट खोळंबलेत."